ऊस आपला, कारखाना चीनचा: चुंबकबंदीची गोष्ट सोप्या भाषेत

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतला फोर्डचा शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद राहिला. महिनाअखेरीस जपानमध्ये सुझुकीने स्विफ्टचं उत्पादन थांबवलं. जुलैत आपल्याकडे बजाज ऑटोने सांगून टाकलं, की ऑगस्टमध्ये एक तरी इलेक्ट्रिक चेतक बाहेर पडेल याची खात्री देता येत नाही. कुठे संप नव्हता, पूर नव्हता, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली असंही नव्हतं. सगळ्यांचं घोडं अडलं होतं ते चिनी चुंबकांपाशी.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत ज्यांचं पोट गाड्यांच्या कास्टिंगवर आणि मशिनिंगवर आहे, त्यांना पुढचं गणित वेगळं सांगायला नको. चुंबक नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणून ज्याचा चुंबकाशी काडीचा संबंध नाही असा ब्रॅकेटसुद्धा गोडाऊनमध्ये पडून. तरीही प्रश्न उरतोच. एका देशाने एका मालावर परवान्याची अट घातली, एवढ्याने निम्मं जग कसं अडलं? आणि या सगळ्यात सैन्याचं नाव का येतं?

नेमकं अडवलं काय?

२ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर नवे आयात कर जाहीर केले. दोनच दिवसांनी, ४ एप्रिलला, चीनने सात धातूंवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवाना लागू केला. म्हणजे यापुढे चिनी कंपनीला चुंबक बाहेर पाठवायचं तर सरकारची परवानगी हवी. ती मिळवायला परदेशी गिऱ्हाइकाने लिहून द्यायचं: चुंबक कशात बसवणार, शेवटी कोण वापरणार, शस्त्रात जाणार नाही ना.

कागदावर ही बंदी नव्हती. पण साहेबांच्या टेबलावर फाईल आहे, उद्या या, या उत्तरात किती ताकद असते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. परवाने आठवडेच्या आठवडे रखडले. गाड्यांच्या कंपन्या चुंबकांचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा ठेवतात. तो संपला आणि लाईन थांबली.

हे सात धातू ज्या कुटुंबातले, त्याला रेअर अर्थ म्हणतात. एकूण सतरा मूलद्रव्यं: निओडिमियम, डिस्प्रोशियम, टर्बियम, समेरियम वगैरे. नाव दुर्मिळ असलं तरी जमिनीत ती तशी दुर्मिळ नाहीत. त्यांतलं सिरियम तर साधारण तांब्याइतकं सापडतं. अडचण सापडण्याची नाही, वेगळं करण्याची आहे. तिकडे येतोच.

९ ऑक्टोबरला चीनने यादीत आणखी पाच धातू घातले. शिवाय नवा नियम काढला: आमचा रेअर अर्थ किमतीच्या ०.१ टक्का जरी असला, तरी परदेशात बनलेल्या वस्तूलाही आमची परवानगी लागेल. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि हा ऑक्टोबरचा नियम वर्षभरासाठी, १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, बाजूला ठेवायचं ठरलं. एप्रिलचा नियम मात्र तसाच राहिला. ‘चीनने बंदी उठवली’ असे मथळे त्या वेळी आले होते, ते अर्धेच खरे.

चुंबकात एवढं काय आहे?

हे बघायचं तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जावं. बाकावर शेतातल्या बोअरची सबमर्सिबल मोटर उघडून पडलेली असते. आत तांब्याची तार, पोलादी पातळ पत्र्यांची चळत आणि मध्ये फिरणारा रोटर. चुंबक औषधालाही नाही. विजेच्या प्रवाहातूनच ती तात्पुरतं चुंबकत्व तयार करते.

तिच्या शेजारी इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर उघडा. कड्याच्या आतल्या बाजूला चकचकीत चौकोनी वड्या ओळीने चिकटवलेल्या दिसतात. स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तर तो हातातून सुटून खाडकन जाऊन बसतो, आणि परत ओढून काढताना हिसका द्यावा लागतो. दोन सुट्या वड्यांच्या मध्ये बोट सापडलं तर कातडी निघते. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं गोल चुंबक त्यांच्यापुढे अगदीच मवाळ.

या वड्या निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे हे चुंबक शोधलं. मोटर लहान, हलकी आणि तरी जोरदार होते ती त्यामुळे. फक्त एक खोट आहे: तापलं की त्याचा जोर जातो. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळतात, मग ते उष्णता सोसतं. चीनने अडवलं ते नेमकं हे थोडंसं. इलेक्ट्रिक मोटारीच्या एका मोटरमध्ये सगळं मिळून किलो-दोन किलो चुंबक असतं, त्यात डिस्प्रोशियम अगदी किरकोळ. पण त्याच्याशिवाय घाटात तापलेल्या मोटरवर भरवसा ठेवता येत नाही.

सैन्याचा संबंध कुठे येतो?

बेळगावकरांना सैन्य दुरून बघायची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावात, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. सैन्याची ताकद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जवान, तोफा, विमानं येतात. पण त्या प्रत्येक गोष्टीच्या आत डोकावलं तर कुठल्या तरी अनोळखी धातूचे काही ग्रॅम हटकून सापडतात.

क्षेपणास्त्राचे पंख हवेत हलवणाऱ्या छोट्या मोटरमध्ये समेरियम आणि कोबाल्टचं चुंबक असतं, कारण तिथली उष्णता निओडिमियमला सोसत नाही. रात्रीच्या अंधारात माणसाच्या अंगाची ऊब टिपणाऱ्या दुर्बिणीची भिंगं जर्मेनियमची. बंदुकीच्या गोळीतलं शिसं कडक करायला अँटिमनी. लढाऊ विमानाच्या नव्या पद्धतीच्या रडारमध्ये गॅलियमच्या संयुगांच्या चिप. अमेरिकेच्या एका एफ-३५ विमानात ४०० किलोहून जास्त रेअर अर्थ असल्याचा आकडा तिथल्या संसदेपुढच्या अहवालांत येत असतो.

आता पैशाच्या बाजूने बघा. साऱ्या जगाचा रेअर अर्थचा वर्षाचा धंदा तेलाच्या धंद्यापुढे चिल्लर आहे. म्हणूनच इतकी वर्षं त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तेल महाग झालं की सरकारं हलतात, डिस्प्रोशियम कुठून येतं हे मात्र खरेदी विभागातल्या एका कारकुनालाच ठाऊक असतं. माल स्वस्त, लागतो चिमूटभर, आणि त्याच्यावाचून कोट्यवधींचं यंत्र अडून बसतं. चीनला हे सगळ्यांच्या आधी कळलं.

खाण कोणाची हे बघू नका

इथे आपल्याच शिवारातलं उदाहरण घेतलेलं बरं. चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरीकडे नजर जाईल तिथवर ऊस. पण ऊस म्हणजे साखर नव्हे. तोड झाली की तो वाळत जातो, वजन घटतं, उतारा पडतो. तो घरात साठवून ‘भाव आला की विकेन’ म्हणायची सोय नाही. गाळप ज्याच्या हातात, दर त्याच्या हातात. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला साडेतीन हजार मागत रस्त्यावर बसले, शेवटी सरकारला मध्ये पडून ३,३०० ठरवावे लागले. भांडण उसावर दिसत होतं, खरं ते कारखान्याच्या गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस जिथून गाळपात जातो तिथे होतं. हे ओळखूनच मागच्या पिढ्यांनी सहकारी कारखाने काढले. (पुढे त्यांचं काय झालं तो वेगळ्या लेखाचा विषय.)

रेअर अर्थचंही असंच. २०२४ मध्ये जगात सुमारे ३ लाख ९० हजार टन रेअर अर्थ खणून निघालं, त्यातलं चीनमधलं २ लाख ७० हजार. म्हणजे साधारण ७० टक्के. पण शुद्धीकरणात चीनचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास जातो, आणि चुंबकांत त्याहूनही वर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंटन पास नावाची मोठी खाण आहे. तिथलं बरंच खनिजही २०२५ च्या एप्रिलपर्यंत गाळपाला चीनलाच जात होतं. ऊस अमेरिकेचा, कारखाना चीनचा.

हे गाळप इतकं अवघड का? ही सतरा मूलद्रव्यं रासायनिक स्वभावाने एकमेकांच्या इतकी जवळची, की एकाला बाहेर काढायला गेलं की शेजारचंही सोबत येतं. खनिज आम्लात विरघळवायचं, त्यात विशिष्ट द्रावक घालून ढवळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे. एका टाकीत शुद्धता किंचित वाढते. मग दुसरी टाकी, तिसरी. अशा शेकडो टाक्या ओळीने. मधल्या एका टाकीचं प्रमाण बिघडलं की पुढचा सगळा माल बिघडतो. शिवाय मागे राहतो तो आम्लाचा आणि बऱ्याचदा किरणोत्सारी थोरियमचा गाळ. चीनमधल्या बाओतू शहराबाहेर अशा गाळाचा अफाट तलाव साचला आहे.

१९७० च्या दशकात चिनी रसायनशास्त्रज्ञ शू ग्वांगशियान यांनी ही टाक्यांची साखळी आधी गणिताने मांडून मग उभी करायची रीत बसवली. त्यानंतर चीनमध्ये असे कारखाने झपाट्याने वाढले, आणि माल इतका स्वस्त झाला की बाकीच्यांना टिकता येईना. माउंटन पास २००२ मध्ये बंद पडली. सांडपाण्याच्या गळतीची प्रकरणं होतीच, त्यात भाव पडलेला. जनरल मोटर्सने चुंबक बनवणारी मॅग्नेक्वेंच ही स्वतःची कंपनी १९९५ मध्ये विकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. काही वर्षांत अमेरिकेतला कारखाना बंद होऊन ते काम चीनला गेलं.

तेव्हा चीनने हे सगळं हिसकावून घेतलं, असं म्हणणं सोयीचं आहे, पण पुरतं खरं नाही. घाण तुमच्याकडे राहू द्या, माल आम्हाला स्वस्तात द्या, असा हा सौदा होता. त्यावर दोन्हीकडच्या सह्या आहेत.

घोड्यांची आठवण

आपल्या भागाला हा खेळ नवा नाही. दख्खनच्या हवेत चांगल्या जातीचे घोडे निपजत नसत. विजयनगरला घोडदळ हवं, विजापूरच्या आदिलशहालाही हवं, आणि घोडे यायचे समुद्रावरून, होर्मुझ आणि एडनकडून. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि त्या घोड्यांचं दार त्यांच्या हातात आलं. पोर्तुगीजांकडे मोठं सैन्य नव्हतं, मोठा मुलूखही नव्हता. पण घाटावरच्या दोन बलाढ्य सत्ता त्यांची मनधरणी करत होत्या, आणि त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क दोघांनाही झुलवत होता. १५४७ मध्ये पोर्तुगीज आणि विजयनगर यांचा तह झाला: गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरला मिळतील, आदिलशहाला नाहीत. तेव्हा बेळगावचा किल्ला आदिलशाहीत होता, असदखान लारीच्या ताब्यात. गोव्यापासून घाट चढला की पहिला मोठा किल्ला हाच, आणि घोडे बंद ते त्याच्याच धन्याला.

यातला सगळ्यात शिकण्यासारखा तपशील विजयनगरात राहिलेल्या फर्नाओ नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने लिहून ठेवला आहे. विजयनगरचा आधीचा राजा साळुव नरसिंह व्यापाऱ्यांकडून हजार परदावांना (परदाव म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) तीन या दराने घोडे घ्यायचा, जिवंत असोत की मेलेले. वाटेत समुद्रात घोडा मेला तर व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवायची. राजा पुरते पैसे मोजायचा.

वरवर हा खुळेपणा वाटतो. पण राजाला ठाऊक होतं, की धोका व्यापाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकला तर पुढच्या साली तो घोडे आणणारच नाही. घोडे नाहीत तर राज्य नाही. शेपटीचे पैसे हा त्याच्या लष्करी खर्चाचा भाग होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडवणूक एकटा चीनच करतो का?

नाही. १९४१ मध्ये अमेरिकेने जपानचं तेल तोडलं. जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच येत होतं. काही महिन्यांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्या युद्धाची कारणं तेवढीच नव्हती, पण पुरवठा तोडला की समोरचा शरणच येतो असं नाही, एवढं त्यातून दिसतं.

अलीकडचं बघायचं तर ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनला द्यायला मज्जाव केला. अतिसूक्ष्म चिप छापणारी सगळ्यात पुढची यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. ती यंत्रं चीनला मिळत नाहीत. चीनचे परवाने हे बऱ्याच अंशी त्याला उत्तर आहे. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आहे, आणि बुसानला ठरलं ते एवढंच, की सध्या पकड जरा सैल ठेवू.

‘पण आपल्याकडे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे साठे आहेत ना?’

हे वाक्य व्हॉट्सॲपवर फार फिरतं. खोटं नाही. अमेरिकी भूगर्भ खात्याच्या हिशेबात भारताचे साठे सुमारे ६९ लाख टन, जगात तिसरे. उत्पादन मात्र वर्षाला तीन हजार टनांच्याही आत. साठा म्हणजे उभा ऊस. त्याच्या फोटोवर साखर मिळत नाही.

आपले बरेचसे रेअर अर्थ केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, मोनाझाइट या खनिजात आहेत. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, म्हणून हा विषय अणुऊर्जा खात्याकडे. १९५० मध्ये स्थापन झालेली सरकारी आयआरईएल कंपनी ते काम करते. दुसरी अडचण जास्त मोठी: आपल्या वाळूत निओडिमियमसारखे हलके रेअर अर्थ आहेत, पण डिस्प्रोशियम आणि टर्बियम काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. म्हणजे चुंबकाचा मूळ माल घरचा, उष्णता सोसायला लागणारी चिमूट बाहेरची.

आणि जे घरचं होतं तेही आपण बाहेर धाडत होतो. २०१२ च्या करारानुसार आयआरईएलचा माल जपानला जायचा, कारण इथे त्याचं चुंबक करणारा मोठा कारखानाच नव्हता. जून २०२५ मध्ये सरकारने ती निर्यात थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या.

‘गिऱ्हाईक गेलं तर चीनचंच नुकसान नाही का?’

आहे, आणि याचा अनुभव चीनला एकदा आला आहे. सप्टेंबर २०१० मध्ये वादग्रस्त सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी नौका जपानी तटरक्षक दलाच्या जहाजांवर आदळली, जपानने तिच्या कप्तानाला अटक केली. त्यानंतर जपानला जाणारे रेअर अर्थ चीनच्या बंदरांत अडले. जगभर भाव भडकले. जपानने मग ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. तिची खाण ऑस्ट्रेलियात, गाळप मलेशियात. चीनवरचं जपानचं अवलंबित्व ९० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ६० च्या आसपास आलं. जागतिक व्यापार संघटनेत चीन २०१४ मध्ये खटलाही हरला.

म्हणजे हे शस्त्र वापरलं की बोथट होतं, हे खरं. पण किती वेगाने? जपानसारख्या श्रीमंत, चिकाटीच्या देशाने दशकभर पैसा ओतून ९० चे ६० केले. बाकीच्यांनी भाव उतरल्यावर विषयच सोडून दिला. माउंटन पास मधल्या काळात पुन्हा सुरू झाली होती, ती चालवणारी मोलीकॉर्प कंपनी २०१५ मध्येच दिवाळखोरीत गेली. चीनचा खरा भरवसा परवान्यावर नाही, आपल्या विसराळूपणावर आहे असं मला वाटतं.

‘चुंबकाशिवायची मोटर नाही का चालत?’

चालते की. आपल्या विहिरीवर चालतेच आहे. काही इलेक्ट्रिक मोटारींतही चुंबकाविना मोटर बसवतात, साध्या फेराइट चुंबकांवरही काम सुरू आहे. फक्त तेवढ्याच ताकदीला मोटर मोठी आणि जड होते, बॅटरी जरा जास्त खाते. स्कूटरला ते परवडेल. क्षेपणास्त्राच्या शेपटाला नाही. म्हणून मला वाटतं, गाड्यांचा प्रश्न काही वर्षांत बऱ्यापैकी सुटेल, शस्त्रांचा राहील.

बेळगावच्या दारातला धातू

आता जरा वेगळ्या धातूकडे. कोल्हापूरच्या बाजूला जाताना यमनापूरला हिंडाल्कोचा ॲल्युमिनाचा कारखाना लागतो. जुनी माणसं त्याला अजून इंडालच म्हणतात. चंदगड, राधानगरीच्या डोंगरांतलं बॉक्साइट त्याने वर्षानुवर्षं घेतलं आहे. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, लाल चिखल बाजूला काढतात, आणि द्रावणातून पांढरं ॲल्युमिना खाली बसवतात. जगभर हीच रीत.

बॉक्साइटमध्ये टनामागे सरासरी ५० ग्रॅमच्या आसपास गॅलियमही असतं. ॲल्युमिनाबरोबर तेही सोड्यात विरघळतं आणि द्रावण फिरत राहील तसं साचत जातं. गॅलियमची स्वतंत्र खाण जगात जवळजवळ नाहीच, ते बहुतेक अशाच कारखान्यांतून निघतं. विचित्र धातू आहे. २९.८ अंशांना वितळतो. एप्रिलच्या दुपारी बेळगावात त्याचा खडा टेबलावर नुसता ठेवला तरी थोड्या वेळाने तिथे चांदीच्या रंगाचं थारोळं दिसेल.

रडारच्या चिपला आणि मोबाईलच्या नव्या छोट्या फास्ट चार्जरला लागणारा तो हाच. जगातलं ९८ टक्क्यांहून जास्त मूळ गॅलियम चीन काढतो. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना लावला, ३ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेला विक्रीच बंद केली, त्यात अँटिमनीही घातलं. २०२५ च्या नोव्हेंबरात ही बंदी वर्षभरासाठी स्थगित झाली.

ॲल्युमिनाचे कारखाने ऑस्ट्रेलियात आहेत, ब्राझीलमध्ये आहेत, आपल्याकडे आहेत. मग इतर कोणी गॅलियम का काढत नाही? साऱ्या जगाची वर्षाची गरजच काही शे टनांची. दोन मोठे कारखाने सुरू झाले की भाव कोसळतो, आणि चीनने ठरवलं तर तो मुद्दाम पाडता येतो. जर्मनीतला श्टाडचा गॅलियम कारखाना २०१६ मध्ये अशाच पडत्या भावात बंद पडला. हिशेबी मालक असल्या धंद्यात पैसा घालणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. ज्याच्यावर विमानाचं रडार चालतं, तो माल बाजाराच्या हिशेबात तोट्याचा ठरतो.

मग पैसे कोणी मोजायचे?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्स कंपनीत ४० कोटी डॉलरचे शेअर घेतले, आणि दहा वर्षांसाठी हमीभाव दिला: निओडिमियम आणि त्याच्या जोडीने निघणारं प्रासिओडिमियम यांच्या मिश्रणाला किलोमागे ११० डॉलर. बाजारभाव तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास घोटाळत होता. वरचा फरक सरकार भरणार. खुल्या बाजाराचे धडे जगाला देणाऱ्या देशाचं सैन्य एका खाजगी खाणीचं भागीदार झालं. अर्थशास्त्राचे जाणकार यावर नाकं मुरडतात. साळुव नरसिंहाला मात्र यात काही वावगं दिसलं नसतं.

आपल्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटींचं अभियान मंजूर केलं. २६ नोव्हेंबर २०२५ ला चुंबकांसाठी वेगळी ७,२८० कोटींची योजना आली: वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता, जास्तीत जास्त पाच कंपन्यांत वाटून. सात वर्षांपैकी पहिली दोन कारखाना उभारायला, पुढची पाच वर्षं विक्रीच्या प्रमाणात अनुदान, एकूण ६,४५० कोटींपर्यंत. यंत्रांसाठी ७५० कोटी वेगळे.

योजना वाईट नाही. चुंबक घडवण्याच्या टप्प्यावर पैसा लावला आहे, म्हणजे नेमकी गव्हाणीची जागा ओळखली आहे. माझी शंका दुसरी आहे. अनुदान विक्रीवर आहे, म्हणजे आधी गिऱ्हाईक हवं. उद्या चीनने परवाने मोकळे केले आणि चुंबकं पुन्हा स्वस्त झाली, तर गाडीच्या कंपनीचा खरेदी विभाग काय करेल? नगाला पंचवीस पैसे कमी पडतात म्हणून वर्षानुवर्षांची ऑर्डर पुण्याला किंवा राजकोटला गेल्याचा अनुभव उद्यमबागेत कोणाला नाही? तो विभाग देशाच्या सुरक्षेचा हिशेब ठेवत नाही, त्याचं ते कामही नाही. मग देशी चुंबक घ्यायची सक्ती करायची, की स्वस्त चिनी मालावर कर लावायचा? दोन्हींत गाडी महाग होणार, आणि तो फरक गिऱ्हाईक म्हणून तुम्हीआम्ही भरणार. नाही तर अमेरिकेसारखा हमीभाव, म्हणजे तो फरक कर भरणारे म्हणून आपणच भरणार. फुकटचा रस्ता यात मला तरी दिसत नाही.

जवळची तारीख १० नोव्हेंबर २०२६ आहे. बुसानची सवलत तेव्हा संपते. ती वाढली तर बाजार सुटकेचा निःश्वास टाकेल, चुंबकं थोडी उतरतील, आणि आपल्याकडचे जे कारखाने तोवर कागदावरच असतील त्यांना कर्ज देताना बँका दोनदा विचार करतील.